नदीतून बाहेर कुठे पडणार?

फ्लोरिडात मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिने राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी ओरलँडोचं डिस्ने, मग एखादा समुद्रकिनारा, मग देऊळ, मग कंटाळा. कंटाळ्याच्या त्या सुमारास एका शुक्रवारी रात्री जावई म्हणतो, "आई, बाबा, उद्या कयाकिंगला जाऊ. पाणी इतकं नितळ आहे की तळाची वाळू दिसते." सगळे हो म्हणतात. शनिवारी पोहे होतात, चहा होतो, दुसरा चहा होतो आणि मंडळी साडेदहाला घरातून निघतात. नदीवर पोचेपर्यंत साडेबारा. होड्या भाड्याने देणाऱ्या खिडकीतली मुलगी हसून सांगते की खाली जाणाऱ्या होड्या बारानंतर सोडत नाहीत.

तिचं बरोबर असतं. ती उतारा, म्हणजे होडी नदीतून बाहेर काढायची जागा, कुठे आहे आणि तिथे पोचायला किती तास लागतात, यावरून घड्याळ उलटं मोजत आलेली असते. आपण मोजलेलं नसतं. झऱ्यांच्या नद्यांवरची छोटी सहल आखायची तर विचार असाच उलट्या टोकाकडून करायला हवा. बाहेर कुठे पडायचं ते सगळ्यात आधी, तिथे किती वाजता पोचायचं ते मग, आणि घरातून कधी निघायचं ते अगदी शेवटी. हे इतकं आग्रहाने सांगायचं कारण या नद्यांच्या स्वभावात आहे. म्हणून आधी स्वभाव.

आपल्या ओळखीची नदी पावसावर जगते. आषाढात दुथडी भरते, चैत्रात तिच्या पात्रात कलिंगडांच्या वाड्या होतात. अशा नदीत होडी घालायची तर पहिला प्रश्न पाणी किती, हाच. उत्तर आणि मध्य फ्लोरिडातल्या या नद्या मात्र जमिनीतून जवळजवळ तयारच बाहेर येतात. झरा म्हटलं की आपल्याला कातळातून पाझरणारी, खाली कळशी लावायची धार आठवते. फार तर राजापूरची गंगा आठवते, जी स्वतःच्या मर्जीने येते आणि सांगून न जाता निघून जाते. इथल्या झऱ्यांचं माप वेगळं आहे. अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ ऑस्कर माइन्झर यांनी १९२७ साली झऱ्यांची आठ श्रेणींत प्रतवारी केली. पहिल्या श्रेणीत बसायला झऱ्याने सेकंदाला १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८०० लिटर पाणी द्यायला हवं. उन्हाळ्यात आपल्या गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर असा झरा चार सेकंदांच्या आत भरेल. फ्लोरिडात नोंद झालेले झरे हजाराहून अधिक आहेत आणि त्यातले तीसच्या आसपास या पहिल्या श्रेणीतले.

एवढं पाणी येतं चुनखडीमुळे. चुनखडीच्या तुकड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, तोच प्रकार इथे लाखो वर्षं अतिशय सावकाश चालू आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, वाळूतून खाली झिरपतं, खालची चुनखडी विरघळवतं आणि तिच्यात भेगा, बोगदे, गुहा कोरतं. या पोखरलेल्या, पाण्याने भरलेल्या खडकाला फ्लोरिडन जलधर म्हणतात. तो सगळ्या फ्लोरिडाखाली आणि शेजारच्या जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलायना राज्यांच्या काही भागांखाली पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून थोडंच लहान. उंचावरच्या भागात मुरलेल्या पाण्याचा दाब सखल भागातल्या पाण्याला वर ढकलतो. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जोर येतो, तसंच हे. खडकाला जिथे तोंड सापडतं तिथे पाणी उसळून वर येतं आणि तिथूनच नदी सुरू होते. आपला सह्याद्रीचा काळा कातळ असा विरघळत नाही. तो पाणी फटींमध्ये जपून ठेवतो आणि थोडं थोडं देतो, म्हणून आपल्याकडचे झरे कळशीच्या मापाचे.

होडीवाल्याच्या दृष्टीने याचे परिणाम तीन. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या पाण्याचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, म्हणजे मध्य फ्लोरिडात बाराही महिने साधारण २२ अंश सेल्सियस. पाणी वाळूतून आणि खडकातून गाळून आलेलं असल्याने नितळ असतं. आणि काल मोठा पाऊस पडला म्हणून आज प्रवाह दुप्पट, असं उगमापाशी होत नाही, कारण मधे एवढा मोठा साठा आहे. दुष्काळ लांबला तर झराही हळूहळू मंदावतो, पण त्याची चाल दिवसांची नसते, महिन्यांची आणि वर्षांची असते.

इथेच लोक गाफील होतात. पाणी रोज सारखंच असतं, मग आखायचं काय? तर पाणी सोडून बाकी सगळं.

शिवाय त्या 'सारखंच' या शब्दालाही एक पाचर आहे. झऱ्याची नदी बहुतेक वेळा पाच-सात मैलांत दुसऱ्या एखाद्या नदीला मिळते, आणि ती दुसरी नदी पावसाची असते. दलदलीतून कुजलेल्या पानांचा अर्क घेऊन आलेलं तिचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. इचटकनी ही सहा मैलांची काचेसारखी नदी सँटा फे नदीला मिळते. सँटा फेला पूर आला की ती इचटकनीचं पाणी अडवते, खालचा भाग तुंबतो आणि काळा चहा उलटा वर सरकतो. पूर फारच मोठा असेल तर काही ठिकाणी नदीचं पाणी झऱ्याच्या तोंडातून आत जातं, झरा गिळू लागतो. म्हणून उगमाशी आकाश निरभ्र असलं तरी संगमाच्या नदीची पातळी आदल्या दिवशी पाहावी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची मोजमापं घरबसल्या दिसतात. (ही सँटा फे स्वतःही गमतीची आहे. ओलेनो उद्यानात ती अख्खीच्या अख्खी जमिनीत जाते आणि साधारण तीन मैलांवर पुन्हा वर येते. तिच्यावर होडीची आखणी करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलेलं बरं.)

आता नदी निवडू. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने तीनच नद्यांचा विचार करावा. तिन्ही मॅरियन काउंटीच्या आसपास, ओरलँडोहून दीड-दोन तासांवर.

सगळ्यात सोपी रेनबो. ती ५.७ मैल, म्हणजे नऊएक किलोमीटर वाहून डनेलन गावात विथलाकूची नदीला मिळते. उगमापासून दीड मैल खाली काउंटीचा के. पी. होल नावाचा घाट आहे. तिथे होडी घ्यायची, प्रवाहाविरुद्ध उगमापर्यंत वल्हवत जायचं आणि परत तिथेच यायचं. गाडी एकाच जागी, उतारा तोच, हिशेब सरळ. लहान मुलं, साठी उलटलेले आई-वडील आणि एकच गाडी असेल तर दुसरीकडे पाहूच नये. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी मात्र टायरच्या ट्यूबांवर तरंगणाऱ्यांची इतकी गर्दी असते की पंढरपूरच्या चंद्रभागेची आठवण यावी.

दुसरी सिल्व्हर. हिच्या उगमावर काचेच्या तळाच्या होड्या १८७०च्या दशकापासून चालतात, म्हणजे इथलं पर्यटन डिस्नेपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुनं. नदी पाचएक मैल घनदाट सायप्रसच्या जंगलातून जाऊन ऑक्लावाहा नदीला मिळते. उगमापाशी राज्य उद्यानात होडी मिळते. थोडं खाली जाऊन परत यावं, किंवा थेट संगमाजवळच्या रे वेसाइड पार्कपर्यंत उतरावं. इथे पोहायला मनाई आहे. पण सिल्व्हरला जायचं माझं कारण वेगळंच आहे. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर लाल तोंडाचं माकड बसलेलं दिसतं, आपल्या मथुरा-वृंदावनात चष्मे पळवतं तेच, ऱ्हीसस. १९३०च्या दशकात इथे होड्या चालवणाऱ्या कर्नल टुई नावाच्या गृहस्थाने प्रवाशांना मजा म्हणून काही माकडं नदीतल्या बेटावर सोडली. (कर्नल हे त्याचं पाळण्यातलं नाव होतं, हुद्दा नव्हे.) बेटावर सोडली की राहतील, हा त्याचा समज. माकडांना पोहता येतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. टारझनच्या चित्रपटांचं चित्रण इथे झालं असल्याने माकडं त्यातली पळालेली, अशी लोककथा आजही ऐकायला मिळते. आपल्याला माकडाचं अप्रूप नाही, उलट घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं आणि हात आपसूक पिशवीतल्या केळ्याकडे जातो. तो आवरावा. त्यांना खायला घालणं २०१८पासून कायद्याने बंद आहे आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगात माणसाला घातक ठरू शकणारा हर्पीस-बी विषाणू आहे.

तिसरी ज्युनिपर, माझी आवडती, आणि तीच सगळ्यात जास्त आखणी मागते. ओकाला राष्ट्रीय वनातल्या ज्युनिपर स्प्रिंग्जपासून निघणारा हा ओढा. नदी म्हणायलाही संकोच वाटावा इतका तो वरच्या भागात अरुंद आहे. सात मैल, म्हणजे अकराएक किलोमीटर, चार ते पाच तास, आणि वाटेत बाहेर पडायला रस्ता नाही. दोन्ही बाजूंना १९८४ साली राखलेलं ज्युनिपर प्रेअरी अभयारण्य आहे. एकदा होडी सोडली की थेट राज्य महामार्ग १९च्या पुलाजवळ बाहेर यायचं. खिडकीतल्या त्या मुलीचा बाराचा नियम अशा ठिकाणी असतो.

हिशेब कसा करायचा? त्यासाठी शाळेतलं ते गणित पुन्हा काढा: 'एक नाव स्थिर पाण्यात ताशी इतके किलोमीटर जाते, प्रवाहाचा वेग इतका, तर...' स्पर्धा परीक्षांपलीकडे त्या गणिताचा काही उपयोग असेल असं आपल्याला कधी वाटलं नाही. इथे आहे. समजा, तुम्ही शांत पाण्यात ताशी पाच किलोमीटर वल्हवता आणि प्रवाह ताशी दोनचा आहे. सहा किलोमीटर वर जाऊन परत यायचं. वर जाताना वेग पाच वजा दोन, तीन. लागले दोन तास. येताना पाच अधिक दोन, सात. लागली एकावन्न मिनिटं. एकूण तीन तासांना नऊ मिनिटं कमी. प्रवाह नसता तर हेच अंतर दोन तास चोवीस मिनिटांत झालं असतं. म्हणजे येताना मिळालेलं दान जाताना दिलेलं देणं फेडत नाही. आणि हात दमलेले असतात तेव्हा पाच किलोमीटरचे चार होतात, मग वर जायचा वेग दोनच उरतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. जाऊन-येऊन सहल असेल तर आधी वर जा, दमल्यावर खाली या. रेनबोला ते आपोआप साधतं. सिल्व्हरच्या उगमावरून निघालात तर उलटं होतं: जाताना मजेत वाहत जाता आणि जेवणाच्या वेळेला प्रवाह समोर उभा राहतो. तिथे एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्यातच मागे वळायचं, घड्याळ बघून, मन भरायची वाट न बघता.

एकाच दिशेने उतरायचं असेल तर गणित सोपं, पण गाड्यांचा घोळ सुरू होतो. दोन गाड्या असतील तर दोन्ही घेऊन आधी उताऱ्यावर जा. एक तिथे ठेवा. सगळे दुसऱ्या गाडीत बसून वर या. यात अर्धा-पाऊण तास जातो, तो धरायला लोक विसरतात. त्याहून जास्त वेळा विसरतात ती किल्ली. खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहते, आणि सात मैल खाली आल्यावर पाच माणसं ओल्या चपलांनी त्या गाडीच्या काचेतून आत बघत उभी राहतात. किल्ली एका माणसाच्या अंगावर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, दोरीने बांधून. तो माणूस निघण्यापूर्वी ती सगळ्यांना दाखवतो. घरातल्या सगळ्यात विसरभोळ्या माणसाकडे ती देऊ नये, मग तो मानाने कितीही मोठा असो. ज्युनिपरसारख्या ठिकाणी होडी भाड्याने घेतली तर परत आणून सोडण्याची सोय ठेकेदाराकडून मिळते; ती आधी फोन करून विचारावी.

होडी कोणती? कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची, तळाशी बसून पाय पुढे पसरायची होडी. कनू उघडी, उंच काठांची, बाकावर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची. गुडघे दुखत असतील तर कनू बरी, कारण बाकावरून उठता-बसता येतं. कयाकच्या पोटात शिरणं आणि त्यातून निघणं हे गुडघ्यांचंच काम आहे. उलट वळणावळणाच्या अरुंद ओढ्यात आखूड कयाक पटकन वळते, लांबलचक कनू दर वळणाला झुडपात शिरते. दोघांच्या होडीत दिशा मागचा ठरवतो, ठेका पुढचा धरतो. मागच्याने पुढच्याच्या ठेक्याला ठेका मिळवायचा. नवरा-बायकोंनी कोण मागे बसणार हे काठावरच मिटवावं, पाण्यावर त्याची चर्चा लांबते.

सामानात एक गोष्ट अशी आहे की जिच्यात मराठी घर अमेरिकी घरापेक्षा पुढे आहे. या नद्यांवर फेकून द्यायच्या वस्तू बहुधा बंद असतात: प्लॅस्टिकच्या बाटल्या, कागदी कप, चिप्सची पाकिटं, सगळं. ज्युनिपरवर आणि रेनबोवर हा नियम आहे, दारूही चालत नाही. अमेरिकी कुटुंब तिथे पोचून पिशव्या उलट्यापालट्या करत बसतं, आणि आपल्याकडे स्टीलचा कडीचा डबा असतो. त्यात दशम्या, कोरडी चटणी, गुळाचा खडा. दशमी पाण्याशिवाय, दुधात भिजवलेल्या कणकेची, खास प्रवासासाठीच जन्मलेली; ओल्या हाताने खाल्ली तरी तिला राग येत नाही. खाण्याबाबत प्रत्येक नदीचे नियम निराळे, ते मात्र आदल्या दिवशी वाचून घ्यावेत. पाणी माणशी किमान दोन लिटर, पुन्हा भरता येतील अशा बाटल्यांत. पूर्ण बाह्यांचा पातळ कपडा, टोपी, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. साध्या स्लिपर वाहत जातात. फोन आणि कोरडा टॉवेल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी होडीला बांधलेली.

फ्लोरिडाच्या कायद्याने होडीतल्या प्रत्येकामागे अंगात घालता येईल असं एक लाइफ जॅकेट हवं आणि सहा वर्षांखालच्या मुलाने ते होडी चालू असताना घातलेलंच हवं. शिट्टीही हवी. मी तर म्हणेन, मोठ्यांनीही जॅकेट घालूनच बसावं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटली की आपल्याआधी निघून जातं. बावीस अंश ऐकायला थंड वाटत नाही, पण अर्धा तास त्यात खेळलेल्या मुलाचे ओठ पाहा.

अ‍ॅलिगेटर आहेत का, हा प्रश्न येतोच. आहेत. नितळ पाण्यात, ओंडक्यावर ऊन खात, बहुतेक वेळा आपल्याकडे न बघता. पन्नास-साठ फूट अंतर ठेवून, प्रवाहाच्या दुसऱ्या बाजूने शांतपणे जावं. काहीही खायला टाकू नये. तेही बेकायदा आहे आणि माणूस म्हणजे अन्न हे शिकलेला अ‍ॅलिगेटर शेवटी मारावा लागतो. ते संध्याकाळी आणि रात्री जास्त हलतात, हेही एक कारण उताऱ्यावर दिवसाउजेडी पोचण्याचं.

पण मला त्यांच्यापेक्षा विजेची भीती जास्त वाटते. आई-वडील इथे येतात बहुधा मे ते सप्टेंबर, आणि जून ते सप्टेंबर दुपारी दोन-तीननंतर जवळजवळ रोज ढग दाटून गडगडाट होतो. वळवासारखाच, फक्त रोजचा. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरच. आता ज्युनिपरवर बाहेर कुठे पडणार? दोन्हीकडे दलदल. म्हणून उन्हाळ्यात ज्युनिपर करायची तर आठ वाजता होडी पाण्यात हवी, म्हणजे एकच्या सुमारास पूल येतो. आठला होडी म्हणजे घरातून साडेपाचला. पोहे आदल्या रात्री भिजवता येत नाहीत. दशम्या करून ठेवता येतात. नोव्हेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने त्या मानाने सुखाचे. तेव्हा समुद्रातले मॅनाटी, आपल्या समुद्रगायींचे चुलत भाऊ, थंड पाणी सोसत नाही म्हणून झऱ्यांच्या उबेला येतात. वीस अंशांच्या खालचं पाणी त्यांना जीवघेणं ठरतं, त्यामुळे थंडीत तेच बावीस अंश त्यांच्यासाठी शेकोटी. ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंगचा ओढा साधारण मध्य नोव्हेंबर ते मध्य मार्च त्यांच्यासाठी राखून माणसांना बंद ठेवतात. काठावरून बघता येतं, पाण्यात उतरता येत नाही. त्या महिन्यांत ब्लू स्प्रिंगला होडीचा बेत आखणारे दर वर्षी भेटतात.

आता एक सकाळ ज्युनिपरवर जाऊ.

आदल्या संध्याकाळी वनखात्याच्या कचेरीला एक फोन करायचा. वादळानंतर पात्रात झाडं आडवी पडली की हा मार्ग बंद ठेवतात. सकाळी पोचलात की होडी घेण्याआधी दहा मिनिटं फर्न हॅमॉकच्या छोट्या पुलावर उभे राहा. निळसर हिरव्या पाण्याच्या तळाशी पांढरी वाळू उकळत्या पेजेसारखी रटरटत असते, जागा बदलत, आवाज न करता. झरा म्हणजे काय, हे मी वर चार परिच्छेदांत सांगितलं ते तिथे एका नजरेत दिसतं. शेजारचा गोल पोहण्याचा तलाव आणि पाणचक्कीचं घर १९३०च्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना काम म्हणून बांधवून घेतलं. त्या चक्कीवर तेव्हा इथली वीज तयार होई.

होडी सोडल्यावर पहिला तास फांद्यांच्या बोगद्यातून जाता. पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत, तळ स्वच्छ, वळण दर वीस-तीस हातांवर. वल्हं मारायची फारशी गरज पडत नाही. ते ब्रेक आणि सुकाणू म्हणून वापरायचं. प्रवाह वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढतो आणि पडलेली झाडंही तिथेच असतात, म्हणून वळण येण्याआधीच आतल्या बाजूला या. फांदी तोंडासमोर आली की ती हाताने धरायचा मोह होतो. धरलीत की तुम्ही थांबता, होडी पुढे जाते, आणि मधलं अंतर पाण्याने भरतं. मान खाली घालून जाऊ द्या. ओंडक्याला आडवे लागलातच, तर शरीर ओंडक्याकडे झुकवायचं, त्याच्यापासून दूर नव्हे. दूर झुकलात तर वरून येणारं पाणी होडीच्या काठावरून आत शिरतं. हे मनाच्या उलट आहे, म्हणून काठावर उभं राहून एकदा सगळ्यांकडून करून घ्यावं.

तळाशी गवताच्या लांब पट्ट्या प्रवाहात केस विंचरल्यासारख्या पडलेल्या दिसतात. त्यांच्यावर वल्हं रोवू नये, त्यांच्यात उतरून उभं राहू नये. शेतांतली आणि लॉनमधली खतं, घरांच्या शोषखड्ड्यांतलं पाणी, सगळं वाळूतून झिरपून झऱ्यांत येतं. राज्याने झऱ्यांच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ०.३५ मिलिग्रॅम ठरवली आहे. अनेक झरे तिच्या बरेच वर आहेत आणि अशा ठिकाणी गवतावर शेवाळाची लोकर चढते. जिथे गवत अजून स्वच्छ आहे, तिथे मासे, कासवं आणि गळा लांब करून पंख वाळवत बसलेला अनहिंगा. तो आपल्या तळ्यांवरच्या तिरंदाज पक्ष्याचा सख्खा नातलग, ओळखायला वेळ लागत नाही.

अर्ध्या वाटेवर थांबायला एक जागा आहे. तिथे डबा उघडा आणि घड्याळ बघा. निघाल्यापासून अडीच तासांहून जास्त झाले असतील, तर चहाच्या गप्पा लांबवू नका. त्यापुढे ओढा रुंदावतो, झाडं मागे सरतात, ऊन डोक्यावर येतं आणि पाण्यात हळूहळू चहाचा रंग मिसळू लागतो. हात इथेच दमतात. प्रवाहही मंद झालेला असतो, त्यामुळे वरच्या तासात न वापरलेली वल्ही आता वापरावी लागतात.

मग कधीतरी झाडांमागून ट्रकच्या टायरचा आवाज येतो. महामार्ग १९ जवळ आला. बोलणं थांबवून काठाकडे बघायला लागा, उताऱ्याची पाटी शोधा, आणि होडी आधीच त्या बाजूला घ्या. त्याच्या पुढे ओढा लेक जॉर्जला जाऊन मिळतो, फ्लोरिडातलं दोन नंबरचं मोठं तळं, आणि त्या तळ्यावर तुमची गाडी उभी नाही. नाक काठाला लागलं की पुढच्याने आधी उतरायचं, होडी धरायची, मग बाकीचे. किल्ली कोणाकडे आहे, ते तुम्हाला माहीत आहेच.